तांदळांतलें नांव आणि दप्तरांतलें नांव

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं कार्य झालें. वर आमचा पुतण्या, लातूरचा, वधू नांदेडची. नांदेडास सप्तपदी यथासांग झाली, वऱ्हाड लातुरास परतलें, लक्ष्मीपूजन झालें, आणि तबकांत तांदूळ पसरून त्यांत नव्या सुनेचें नांव लिहिण्याची वेळ आली. पुतण्यानें अंगठी हातांत घेतली व हळूच विचारलें, "कोणतें लिहूं?" सून म्हणाली, "आहे तेंच असूं दे."

घरांत क्षणभर स्तब्धता पसरली. ती मोडली आमच्या आत्याबाईंनीं. त्या म्हणाल्या, "तिचें बरोबर आहे. पण पोरांनो, तें नांव सरकारी वहींतहि लिहवून या. हे तांदूळ उद्यां भातांत जातील."

आत्याबाईंचें हें बोलणें अनुभवाचें होतें. त्यांचें लग्न १९६२ सालीं झालें. माहेरची कुसुम तांदळांत लक्ष्मी झाली. यजमान शाळेंत शिक्षक होते. सेवापुस्तकांत त्यांनीं पत्नीचें नांव लक्ष्मी असें दिलें. आत्याबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र कुसुमच राहिली. यजमान वारले, कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज गेला, तेव्हां प्रश्न निघाला कीं, ही कुसुम कोण, आणि ती लक्ष्मी कोठें आहे? लग्नाची नोंद कोठेंच नव्हती. लग्न लावणारे गुरुजी कधींच दिवंगत झाले होते. ट्रंकेच्या तळाशीं हळदीचीं बोटें उमटलेली लग्नपत्रिका सांपडली, ती पाहून कारकून म्हणाला, "यांत तर कुसुमच आहे." चाळीस वर्षें संसार केलेल्या बाईस आपण आपणच आहों हें प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावें लागलें, आणि दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. तो कारकून कांहीं दुष्ट नव्हता. त्याच्यापुढें कागद नव्हता, इतकेंच.

आमच्या वाचकांपैकीं कित्येक म्हणतील कीं, अग्नि साक्षी असतां कागद कशाला? हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढींतहि होता, आणि त्या काळीं तो अगदींच निराधार नव्हता. 'रजिस्टर लग्न' हा शब्द तेव्हां दबल्या आवाजांत उच्चारला जाई, कारण ब्रिटिश हिंदुस्थानांतील १८७२ च्या कायद्यानें असा विवाह करणारास, आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादि कोणत्याच धर्माचे नाहीं, असें लिहून द्यावें लागे. १९२३ सालीं डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें त्यांत दुरुस्ती झाली, आणि हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांस धर्म न सोडतां आपसांत असा विवाह करण्याची मोकळीक मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लीस झाला, तो नोंदणी पद्धतीनेंच. पुढें १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. त्यांतहि एकत्र कुटुंबांस बोंचणारी एक गोष्ट होती: असें लग्न करणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीनें कुटुंबांतून विभक्त झाला असें मानीत. वधूवर दोघेंहि हिंदु, बौद्ध, शीख वा जैन असल्यास हें विभक्तपण १९७६ च्या दुरुस्तीनें टळलें. म्हणजे भीतीचीं बहुतेक कारणें गेलीं. भीति मात्र माजघरांत अजून मुक्कामाला आहे.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. नोंदणी विवाह निराळा आणि विवाहाची नोंद निराळी. आमच्या पुतण्याप्रमाणें ज्यांचें लग्न विधिपूर्वक लागलें, त्यांस पुन्हां लग्न लावावयाचें नाहीं. झालेलें लग्न फक्त नोंदवावयाचें आहे. महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्यानें ही नोंद लग्नापासून नव्वद दिवसांच्या आंत करावयाची असते. गांवीं ग्रामपंचायतींत व शहरांत नगरपरिषदेंत वा महानगरपालिकेंत ही सोय आहे. वधूवरांच्या वयाचे व राहण्याचे पुरावे, छायाचित्रें, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार, एवढी तयारी लागते. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १४ फेब्रुवारी २००६ रोजीं दिला. नांदेडच्या शीख बंधूंचा आनंद विवाह १९०९ सालापासून कायद्यास मान्य आहे. पण त्याच्या नोंदीची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीनेंच झाली. नोंद नाहीं म्हणून हिंदु विवाह रद्द ठरत नाहीं, हें खरें. तसेंच, विधि न करतां नुसतें प्रमाणपत्र घेतलें तर तो हिंदु विवाह होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें आहे. अग्नि आणि वही यांत भांडण नाहीं. अग्नीनें विवाह होतो. वहीमुळें तो पुढें सिद्ध करतां येतो.

दुसरा प्रकार नोंदणी विवाहाचा. जात वा धर्म निराळा असलेलीं मुलें बहुधा या वाटेनें जातात. दोघांपैकीं एक जण ज्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस राहिला आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे लेखी सूचना द्यावी लागते. ती सूचना कार्यालयांत ठळक जागीं लावतात. मुलगी नांदेडची व मुलगा कायमचा लातूरचा असेल आणि सूचना नांदेडास दिली, तर तिची प्रत लातूरच्या कार्यालयांतहि लागते. तीस दिवस गेल्यावर, मात्र सूचना दिल्यापासून तीन महिन्यांच्या आंत, अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनीं आपणांस समजेल त्या भाषेंत एकमेकांचा स्वीकार केल्याचें सांगावयाचें. मग प्रमाणपत्र मिळतें.

त्या तीस दिवसांतच घरोघरीं रणें माजतात. कोणा आप्तानें भिंतीवरील कागद वाचावा, दूरध्वनि करावा, आणि आईनें अंथरूण धरावें, हा प्रकार आम्हीं पाहिला आहे. अशा वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे कीं, आक्षेप म्हणजे काय हें आधीं समजून घ्यावें. पूर्वीचा पति वा पत्नी हयात असणें, मनाच्या विकारामुळें संमति देण्यास असमर्थ असणें, मुलाचें वय एकवीस व मुलीचें अठरा पुरें नसणें, किंवा निषिद्ध नातें असणें, एवढींच कारणें कायदा ऐकतो. आम्हां देशस्थांत मामेबहिणीशीं लग्नाची चाल आहे; तशी रूढी असेल तर १९६३ च्या दुरुस्तीनें तेंहि चालतें. 'आमचें मन दुखावलें' हें कारण त्या यादींत नाहीं. तेव्हां ते तीस दिवस कार्यालयाचे उंबरे झिजविण्यांत घालवूं नयेत. मुलाशीं बोलण्यांत, होणाऱ्या सुनेस घरीं बोलावून जेवूं घालण्यांत घालवावेत. तीन साक्षीदार तर लागतातच. त्यांतला एक बाप कां नसावा?

आतां नांवाविषयीं. लग्नानंतर स्त्रीनें नांव बदललेंच पाहिजे असें कोणताहि कायदा सांगत नाहीं. बदलणें ही आपली हौस आहे, आणि हौस करावयास आमची ना नाहीं. पण मुलीस विचारून करावी. आणि एकदां ठरलें कीं, शाळेचा दाखला, बँकेचें खातें, नवऱ्याचें सेवापुस्तक व विम्याचा कागद, सर्वत्र एकच नांव राहील इतकी काळजी त्याच महिन्यांत घ्यावी. चाळीस वर्षांनीं ती काळजी घेणारा नवरा उरलेला नसतो.

आमचीं मुलें तिसऱ्या आठवड्यांत जाऊन नोंद करून आलीं. साक्षीदारांत आत्याबाई होत्या. सही करतांना त्यांनीं क्षणभर लेखणी थांबविली व विचारलें, "माझें कोणतें लिहूं?" सून म्हणाली, "आजी, तुम्हांला आवडतें तें." आत्याबाईंनीं कुसुम लिहिलें.

तेव्हां पुढल्या हंगामांत ज्यांच्या घरीं कार्य आहे, त्यांस एवढेंच सुचवावयाचें कीं, याद्या करावयास बसाल तेव्हां मानपान, आहेर, वऱ्हाडाची मोजदाद हें सारें लिहून झाल्यावर एक ओळ अधिक लिहा: नोंदणीस अमुक दिवशीं जाणें. आणि त्यापुढें, मुलीस विचारून, तिचें नांव.