टंचाईला साधना म्हणू नका

फिल्मवर फोटो काढण्याची हौस पुन्हा आली आहे. चांगलेच झाले, मी स्वतः वर्षाला दोन-तीन ब्लॅक अँड व्हाइट रोल संपवतो. माझा विरोध आहे तो या हौसेबरोबर आलेल्या तत्त्वज्ञानाला. ‘रोलमध्ये ३६च फोटो, म्हणून माणूस विचार करून काढायचा, डिजिटलने फोटोची किंमत घालवली.’ हे मी शिक्षक मित्रांकडून ऐकतो, लग्नाच्या फोटोग्राफरांकडून ऐकतो, आणि ज्यांनी रोलचे दिवस पाहिलेही नाहीत अशा पोरांकडूनही ऐकतो.

विचार करून? आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरांत रोलच येत नव्हता. माझ्या दादीचा आयुष्यातला एकच फोटो आहे, हजच्या फॉर्मसाठी काढलेला, पासपोर्ट साइजचा. त्यात ती घाबरलेली दिसते. तिचे हसणे आमच्याकडे नाही. फोटो जायज की नाजायज, ही चर्चा घरोघरी होती हे खरे. पण निकाहच्या दिवशी तीच माणसे कॅमेऱ्यापुढे ओळीने उभी राहायची. अडायचे पैशावर. आधी रोल, मग धुलाई, मग प्रत्येक प्रिंटचे वेगळे पैसे. ज्यांच्या कपाटात अल्बमच्या रांगा आहेत त्यांनी टंचाईचे गुण खुशाल गावेत, आमच्यापुढे गाऊ नयेत.

दुसरा दावा असा की फिल्मचे रंग ‘खरे’. प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक लॅबना जी कार्डे पुरवायची त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ती ओळखली जातात. तिची कांती नीट उतरली की रंग नीट! सावळ्या माणसांचे काय व्हायचे, ते जुने अल्बम उघडून बघा.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो घ्या. भर ऊन, पुढे मुलांच्या पांढऱ्या टोप्या, मागे बुरख्यातल्या आया. याशिका एफएक्स-३ वर मी काळ्या भागाकडे बघून एक्स्पोजर द्यायचो, कारण निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच पचवते. निगेटिव्हमध्ये दोन्ही असायचे. लॅबच्या मशीनमधून प्रिंट मात्र अशी यायची की मागे एक सलग काळा पट्टा आणि त्यावर चेहरे. डिजिटलवर हिशेब उलटा झाला. टोपीचा पांढरा एकदा उडाला की परत येत नाही, म्हणून मी टोपी सांभाळतो आणि अंधारातले नंतर कॉम्प्युटरवर उजळतो: बुरख्याची घडी, कडेवरच्या बाळाचा हात. लॅबवाल्याचा निर्णय माझ्याकडे आला. याला नुकसान म्हणायचे?

मग अजून रोल कशाला, असे समोरचे विचारतात. ‘भंगारात टाका’ म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याशीही माझे जमत नाही. मोबाइल पाण्यात पडला आणि पोराच्या पाळण्यातले सगळे फोटो गेले, असे सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. निगेटिव्हला पासवर्ड लागत नाही. खिडकीपाशी धरली की माणूस दिसतो.

अर्थात फिल्म अमर आहे, हेही खोटेच. कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती. २०१० च्या अखेरीस तिने ते काम थांबवले. ज्यांचे रोल मागे राहिले त्यांना ते रंग आता मिळणे नाही. उटीचा ‘इंदू’ फिल्मचा सरकारी कारखानाही बंद पडला. ब्लॅक अँड व्हाइट मी घरी न्हाणीघरात धुऊ शकतो: डेव्हलपर, हायपो आणि भरपूर पाणी. हायपो नीट धुतला गेला नाही तर चित्र पुढे खराब होते, म्हणून पाण्यात कंजुषी नाही.

हे रोल मी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवले आहेत. प्रत्येकाच्या दोन फ्रेम, एक नुसती बसलेली आणि एक हसताना. त्याच दिवशी डिजिटलवरही काढतो, कारण कलर प्रिंट त्यांच्या मुलांना लगेच हवी असते. निगेटिव्हच्या पट्ट्या माझ्याकडे बटर पेपरमध्ये आहेत, वर नाव आणि साल, उर्दूत आणि मराठीत.