घोड्याचा विमा काढावा की नाही? आधी हा हिशेब मांडा

बुलढाणा : वरातीची घोडी लग्नसराईत दगावली, तर मालकाचा हंगाम तिथेच संपतो. घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागतात आणि दुसरी घोडी घ्यायला हातात पैसा नसतो. असे असूनही जिल्ह्यात 'विमा' म्हटले की गाय, म्हैस आणि बैलच डोळ्यांसमोर येतात. घोडा त्या यादीत आहे, हेच अनेकांना माहीत नसते.

विमा काढावा का? अनुदान मिळत असेल तर जरूर काढावा. मिळत नसेल, तर 'घोडा गेला तर दुसरा स्वतःच्या पैशाने घेता येईल का?' हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर 'नाही' असेल, तर पूर्ण प्रीमियम भरूनही विमा परवडतो.

विम्यात काय मिळते?

जनावरांचा विमा मुख्यतः मृत्यूचा असतो. अपघात आणि आजार या दोन्हींमुळे झालेला मृत्यू त्यात येतो. औषधोपचाराचा खर्च साधारणपणे मिळत नाही. पोटशूळ झाला आणि चार दिवसांच्या उपचारांनी घोडा वाचला, तर ते बिल मालकाच्याच खिशातून जाते.

पाय मोडून घोडा कायमचा निकामी झाला, तर त्याचे संरक्षण बहुधा जादा प्रीमियम भरून घ्यावे लागते. वरातीच्या घोडीसाठी ते घ्यायलाच हवे. लंगडी घोडी वरातीत चालत नाही, पण तिचा चारा मात्र सुरूच राहतो.

सरकार भरपाई देतेच ना?

देते, पण फक्त नैसर्गिक आपत्तीत. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार ओढकामाच्या घोड्यासाठी ३२ हजार, तर तट्टू, खेचर किंवा गाढवासाठी २० हजार रुपये मदत ठरली. पुरात जनावर गेले तर ही मदत लागू होते. मात्र सर्रा, धनुर्वात किंवा पोटशूळाने घोडा मेला, तर या निकषांत काही मिळत नाही. घोडे तर आजारानेही दगावतात.

प्रीमियमचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केले. पशुपालकाचा प्रीमियममधील वाटा १५ टक्क्यांवर आणला. उरलेली रक्कम महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात भरतात. या योजनेत घोडा, गाढव, खेचर आणि उंटही येतात.

समजा, घोड्याची किंमत १ लाख आणि प्रीमियमचा दर ४ टक्के आहे. पूर्ण प्रीमियम ४ हजार रुपये होतो. अनुदान असेल तर मालकाला फक्त ६०० रुपये भरावे लागतात. वर्षाला ६०० रुपयांत १ लाखाची जोखीम उतरत असेल, तर फार विचार करायची गरज नाही.

अनुदान नसेल, तर ४ हजार रुपयांप्रमाणे २५ वर्षांत घोड्याच्या किमतीइतका प्रीमियम जातो. एकच घोडी असलेल्याला हा खर्च जड वाटेल, पण नुकसान त्याहून जड आहे. चार घोडे असलेल्याचा हिशेब वेगळा निघतो. त्याचे वर्षाला १६ हजार, म्हणजे सहा वर्षांत ९६ हजार जातात. तेवढ्यात जवळपास एक घोडा येतो. शिस्त असेल, तर त्याने तीच रक्कम दरवर्षी बँकेत वेगळी ठेवलेली बरी.

मेंढपाळाच्या तट्टूचे काय?

मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबाचा संसार तट्टूच्या पाठीवर असतो. त्याची किंमत कमी, म्हणून प्रीमियमही कमी. अडचण आहे ती दाव्याची. तट्टू वाड्यापासून दोन तालुके दूर मेले, तर कंपनीला कळवायचे कसे, शवविच्छेदन करणार कोण? पॉलिसी घेतानाच जिल्ह्याबाहेरचा मृत्यू ग्राह्य धरणार का, हे लेखी विचारून घ्यावे. अनुदान नसताना या कुटुंबाने विमा काढावा की नाही, हे त्या उत्तरावर ठरते.

दावा कुठे अडतो?

- ओळख : गाय-बैलाला कानात बिल्ला असतो. घोड्याची ओळख बहुधा रंग, टिळा, उंची, भोवरे आणि फोटो यांवर ठरते. खरेदीवेळी शुभ-अशुभ म्हणून पाहिलेले भोवरे इथे पुरावा म्हणून कामी येतात. ते दाखल्यात नीट लिहून घ्यावेत. मायक्रोचिप असेल तर उत्तम.
- वापर : पॉलिसीत 'वरात' लिहिले आणि घोडा शर्यतीत पळवला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.
- सुरुवातीचे दिवस : पॉलिसी घेतल्यानंतर पहिले काही दिवस, अनेकदा १५ दिवस, आजाराने झालेला मृत्यू धरत नाहीत. घोडा आजारी पडल्यावर विम्यासाठी धावून उपयोग नाही.
- मृत्यूनंतर : कंपनीला त्याच दिवशी कळवावे, फोटो काढावेत. शवविच्छेदनाआधी घोडा पुरू नये.

नूतनीकरण कधी?

चातुर्मासात लग्ने नसतात, घोडीची कमाई थांबते. याच पावसाळी दिवसांत चावणाऱ्या माशा वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा पसरतो. पैसा नाही म्हणून नेमकी तेव्हाच पॉलिसी संपू दिली, तर आधीचे हप्ते असून नसल्यासारखे. नूतनीकरणाची तारीख उन्हाळ्यात, हातात पैसा असताना येईल अशी पॉलिसी घ्यावी.

योजना घोड्यापर्यंत पोहोचायला हवी

कागदावर घोडा योजनेत आहे. पण २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाखच उरले. आधीच्या गणनेपेक्षा ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. संख्या कमी म्हणून शिबिरांत विचारणा कमी, आणि विचारणा नाही म्हणून माहितीही नाही.

पशुसंवर्धन विभागाने लग्नसराईच्या तोंडावर खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा ठिकाणी घोड्यांसाठी एक दिवस ठेवला, तर तपासणी, धनुर्वाताची लस, मूल्यांकन आणि विम्याचा अर्ज ही सारी कामे एकाच फेरीत होतील. तोवर मालकाने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात 'घोड्यासाठी अनुदानित विमा सध्या सुरू आहे का?' एवढे तरी विचारावे. ६०० भरायचे की ४ हजार, हे त्या उत्तरावर ठरेल.