कला शाखेचा प्रवेश : अर्ज बारावीनंतर, निर्णय दहावीलाच

बारावीचा निकाल लागला की मुंबईत अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांची चर्चा सुरू होते. त्यापाठोपाठ वाणिज्य शाखेच्या ‘कट-ऑफ’ची आकडेवारी प्रसिद्ध होते. कला शाखेविषयी मात्र ‘बी.ए.ला काय, कुठेही प्रवेश मिळतो’ एवढ्या एका वाक्यात विषय आटोपला जातो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. जागा मिळते, पण कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या विषयासाठी आणि कोणत्या विद्यापीठाची पदवी हाती पडणार, हे ठरविण्याचा अधिकार अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याकडे फारसा उरलेला नसतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातील मराठी कुटुंबांना याची झळ अधिक बसते. कारण घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी येथे आजही मोठ्या प्रमाणावर कला शाखेचाच रस्ता धरते.

२०२५ च्या बारावी परीक्षेत राज्याचा एकूण निकाल ९१.८८ टक्के लागला. विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के होता, तर कला शाखेचा ८०.५२ टक्के. या तफावतीवरून कला शाखेच्या विद्यार्थ्यांची बुद्धी मोजण्याची घाई करू नये. ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही, क्लासचे शुल्क परवडले नाही किंवा ज्याला काम करून शिकायचे आहे, तो कला शाखेत येतो. मात्र त्याच शाखेत, त्याच शहरात, नव्वद टक्क्यांच्या आसपास गुण मिळवूनही हव्या त्या महाविद्यालयाच्या पहिल्या यादीत नाव न लागलेले विद्यार्थीही असतात. एकाच पदवीच्या नावाखाली अशी दोन वेगळी जगे आहेत, आणि त्यांच्यातील भिंत बारावीच्या निकालापूर्वीच उभी राहिलेली असते.

ही भिंत म्हणजे ‘इनहाउस’ प्रवेश. ज्या संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातून विद्यार्थी बारावी झाला, तिच्याच पदवी महाविद्यालयात त्याला अग्रक्रम देण्याची पद्धत मुंबईत रूढ आहे. तिचे मूळ १९७५ मध्ये सापडते. त्या वर्षी राज्यात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १०+२+३ ची रचना लागू झाली. त्याआधी अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन विद्यार्थी थेट महाविद्यालयात दाखल होत असे. तेव्हा महाविद्यालयाला दार एकच होते. नव्या रचनेत मुंबईतील बहुतेक जुन्या महाविद्यालयांनी अकरावी-बारावीचे वर्ग आपल्याच आवारात चालविले आणि दारे दोन झाली. पहिल्या दारातून जो आत गेला, त्याला दुसरे जवळपास उघडेच सापडते. बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी उरतात त्या उरलेल्या जागा.

म्हणजे रुईया किंवा सेंट झेवियर्समध्ये इतिहास वा मानसशास्त्र शिकायचे असेल, तर त्याची खरी तयारी पंधराव्या वर्षी, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरतानाच करावी लागते. मुंबईत ही केंद्रीभूत ऑनलाइन पद्धत २००९ पासून आहे. त्याच वर्षी राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा सरकारचा निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही. त्या वादात अकरावीची जेवढी चर्चा झाली, तेवढी तिच्या पुढच्या परिणामांची कधीच झाली नाही. दहावीला घरच्यांच्या आग्रहाखातर विज्ञान घेतलेला आणि दोन वर्षांनी ‘मला राज्यशास्त्र करायचे आहे’ असे म्हणणारा मुलगा चांगल्या कला महाविद्यालयात ‘बाहेरचा’ ठरतो. त्याहून कठीण स्थिती शाळेला जोडलेल्या किंवा रात्रीच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेल्यांची. त्यांच्या संस्थेला पदवीचे वर्गच नसतील, तर ते कोठेच ‘इनहाउस’ नसतात, सगळीकडेच बाहेरचे. गिरणगावातील किती तरी मुले याच गटात मोडतात.

दुसरा प्रश्न अल्पसंख्याक दर्जाचा. दक्षिण मुंबईतील नामांकित कला महाविद्यालयांपैकी अनेक धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक संस्थांची आहेत, आणि तेथील निम्म्यापर्यंत जागा त्या त्या समाजासाठी असतात. या संस्था त्या समाजांनी स्वतः पैसा उभारून काढल्या, शहराने त्यांचा लाभ पिढ्यान् पिढ्या घेतला. त्यामुळे त्यांच्या हक्काबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (५) मधील तरतुदीतून अल्पसंख्याक शिक्षणसंस्था वगळलेल्या असल्याने अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण तेथे लागू होत नाही. २०२५ मध्ये अकरावीच्या प्रवेशात अल्पसंख्याक संस्थांमधील उरलेल्या जागांना सामाजिक आरक्षण लावण्याचा प्रयत्न राज्य सरकारने केला, तेव्हा जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कायद्याच्या दृष्टीने त्यात अनपेक्षित काही नव्हते. व्यवहारात मात्र नायगाव किंवा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतील विद्यार्थ्याला घरापासून अर्ध्या तासावरच्या महाविद्यालयांच्या यादीतून आरक्षणाचा उपयोग नसलेली नावे स्वतःच गाळावी लागतात. ते अर्ज भरताना त्याला कोणी सांगत नाही.

आता अर्जाकडे वळू. पूर्वी मुंबईत बी.ए. म्हणजे मुंबई विद्यापीठाचे बी.ए., एवढे सरळ समीकरण होते. आज चर्चगेट ते काळा घोडा या पायी चालण्याच्या अंतरात चार विद्यापीठे आहेत. १८५७ चे मुंबई विद्यापीठ आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालय आता मुंबई विद्यापीठात नाही. ते सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससह डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग झाले. चर्चगेटचे के.सी. महाविद्यालय २०२० मध्ये एच.एस.एन.सी. विद्यापीठात गेले. जी महाविद्यालये मुंबई विद्यापीठातच राहिली, त्यांतील झेवियर्स २०१० पासून आणि रुईया त्यानंतर काही वर्षांनी स्वायत्त झाले. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रवेशाचे वेळापत्रक स्वतः ठरविते. संलग्न महाविद्यालयासाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी आणि मग महाविद्यालयाचा वेगळा अर्ज, असे दोन टप्पे असतात. विद्यापीठाची नोंदणी केली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा समज करून घेणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. अकरावीला एका अर्जात दहा पसंतीक्रम भरून झालेल्या पालकांना पदवीला प्रत्येक दारी वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क का, हे कळत नाही, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

या सगळ्यात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक नवा रकाना आणला. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय, त्याखेरीज कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असा हा आराखडा आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक. कागदावर पाहिले, तर अर्थशास्त्राबरोबर संगीत किंवा मराठी साहित्याबरोबर संख्याशास्त्र शिकता यावे, असे हे स्वातंत्र्य आहे. ‘लिबरल आर्ट्स’ या नावाने ज्याचा गाजावाजा होतो, ते तत्त्वतः अनुदानित महाविद्यालयातील सामान्य बी.ए.लाही देऊ केले गेले आहे.

अडचण अशी की, विषय आराखड्यात असून भागत नाही. तो शिकवणारा माणूस लागतो. ज्या महाविद्यालयात कला शाखेचे पाच-सहाच विभाग आहेत, तेथे मुख्य-दुय्यम जोड्या त्या पाच-सहा विषयांतच फिरणार. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, की तो विषय माहितीपत्रकातून आधी ऐच्छिकात जातो आणि मग नाहीसा होतो. राज्यभर प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडत आली आणि कित्येक विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालले. अशा ठिकाणी खुला ऐच्छिक विषय विद्यार्थ्याच्या आवडीने ठरत नाही. त्या सत्रात कोण उपलब्ध आहे, यावर तो ठरतो. धोरणाने स्वातंत्र्य दिले. ते वापरण्याइतके मनुष्यबळ पुरविण्याची जबाबदारी ज्या सरकारने घ्यायची, त्याने ती त्याच तातडीने घेतलेली नाही.

म्हणूनच प्रवेश घेताना मागील वर्षीची टक्केवारी पाहण्यापेक्षा विभागांची यादी पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. दोन टक्क्यांनी वरच्या महाविद्यालयात नको असलेला मुख्य विषय घेण्याऐवजी परळच्या महर्षी दयानंद किंवा दादरच्या कीर्ती महाविद्यालयात हवा तो विषय मिळत असेल, तर त्याचा विचार करण्यात कमीपणा नाही. टक्केवारीचा भरवसा तरी किती धरायचा? २०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत सूत्रावर निकाल ९९.६३ टक्के लागला आणि गुणांवर आधारलेल्या याद्यांचा अर्थच त्या वर्षी हरवला.

‘लिबरल आर्ट्स’चा दुसरा मार्ग खासगी विद्यापीठांतून जातो. पुण्यातील फ्लेम, सिम्बायोसिसची लिबरल आर्ट्सची शाळा, हरियाणातील अशोका ही नावे आता दादरच्या मध्यमवर्गीय घरांतही ऐकू येतात. तेथील प्रवेशात बारावीच्या गुणांबरोबर अभिक्षमता चाचणी, लेखन आणि मुलाखत यांना वजन असते. विद्यार्थ्याने काय वाचले, शाळेबाहेर काय केले, त्याला प्रश्न पडतात की नाही, याची विचारपूस होते. तत्त्व म्हणून ही पद्धत गुणपत्रिकेपेक्षा निश्चितच अधिक माणुसकीची आहे. पण ही सारी विचारपूस इंग्रजीत होते, आणि शाळेबाहेर केलेल्या कामाची ‘प्रोफाइल’ तयार करून देणारे सल्लागार शहरात पैसे घेऊन बसलेले असतात. लालबागच्या गणेशोत्सव मंडळात सलग चार वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या मुलाने नेतृत्व, आर्थिक व्यवहार आणि गर्दीचे व्यवस्थापन तिन्ही शिकलेले असते. ते निबंधात कसे मांडायचे, हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नसते. वर्षाला काही लाखांचे शुल्क हा पुढचा प्रश्न. गरजू विद्यार्थ्यांना तेथे आर्थिक साहाय्य मिळते, हेही नमूद केले पाहिजे. फक्त ते मागण्यासाठी बारावीच्या वर्षातच, निकालाच्या कित्येक महिने आधी, अर्ज करावा लागतो. राज्य मंडळाचे विद्यार्थी जाग येईपर्यंत पहिल्या फेऱ्या संपलेल्या असतात.

मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, ही गोष्ट या तुलनेत सहसा कोणी मोजत नाही. ती मोजायला हवी. अनेक विषयांचा एकत्र अभ्यास ही कल्पनाही या शहराला नवी नाही. विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक घेतली, १८६२ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह पहिले बी.ए. बाहेर पडले. भाषा, इतिहास, गणित आणि तर्कशास्त्र या सर्वांतून ते गेले होते. ते मूठभरांचे शिक्षण होते. ते खालपर्यंत नेण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे नाव आधी घ्यावे लागते. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला सकाळी वर्गात बसून मग कामावर जाता यावे, अशी तेथे सोय होती. प्रवेशाच्या नियमांइतकेच वर्गाचे घड्याळही कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे त्या संस्थेच्या संस्थापकाला पुरते ठाऊक होते. नव्या आराखड्यातील प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि क्षेत्रप्रकल्प यांनी दिवस भरून गेला, तर दुपारी दुकानात किंवा कुरिअर कंपनीत काम करणारा विद्यार्थी हजेरीतच अडकेल. तो आधीपासूनच ज्या ठिकाणी काम करतो, ते काम श्रेयांकांसाठी धरता येईल का, याचा निर्णय महाविद्यालयांनी करावयाचा आहे आणि तो प्रवेशापूर्वी जाहीर व्हायला हवा.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा कामगारांच्या मुलांना लवकर नोकरी देईल असे शिक्षण हवे होते. १९९९ नंतर आलेल्या बी.एम.एस., बी.एम.एम. अशा विनाअनुदानित अभ्यासक्रमांनी ती गरज हेरली आणि महाविद्यालयांनाही उत्पन्न मिळवून दिले. २०२४ मध्ये बी.एम.एस.साठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा अचानक सक्तीची झाली. अनेकांना ती कळलीही नाही, दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली आणि काही महाविद्यालयांनी त्याच अभ्यासक्रमाला बी.कॉम.चे नाव देऊन वाट काढली. तेव्हा ऐनवेळी बी.ए.कडे वळलेल्यांना मिळाले ते इतरांनी सोडलेले विषय.

आता लक्ष चौथ्या वर्षाकडे आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची तीन वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असल्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी करता येईल, आणि त्यानंतर एम.ए.ला एकच वर्ष लागेल. मात्र ज्या महाविद्यालयात त्या विषयाचा पदव्युत्तर विभाग किंवा संशोधन मार्गदर्शक नाही, तेथील विद्यार्थ्याला चौथ्या वर्षासाठी दुसरीकडे जावे लागेल. तेथे पुन्हा ‘इनहाउस’ला अग्रक्रम मिळणार की तीन वर्षांचे गुण पाहिले जाणार, हा नियम विद्यापीठांनी आताच स्पष्ट करायला हवा. कारण चौथे वर्ष कोठे होणार, हे ठाऊक असल्याशिवाय पहिल्या वर्षाचा अर्ज नीट भरता येत नाही.