विश्लेषण : भंडाऱ्याच्या आगीत धूर एवढा घातक का ठरला?

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षात (एसएनसीयू) आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात जणांना बाहेर काढता आले, दहा दगावली. त्यांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्याने आणि सात जणांचा गुदमरून झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. चर्चा शॉर्टसर्किट, निलंबन आणि मदतनिधीची झाली. धुराने लहान फुफ्फुसांचे काय होते, हे मात्र बाजूलाच राहिले.

बाळाचा श्वास वेगळा कसा?

मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, नवजात बाळ ४० ते ६०. वजनाच्या मानाने बाळाला प्राणवायू जवळपास दुप्पट लागतो, पण फुफ्फुसातला साठा तोकडा. त्यामुळे त्याच खोलीत, त्याच धुरात उभ्या असलेल्या परिचारिकेपेक्षा बाळाच्या अंगात विष लवकर भिनते.

त्यात श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. गरम धुराने तिच्या अस्तराला एक मिलिमीटर सूज आली, तर मोठ्या माणसाचा आवाज बसेल, खोकला येईल. चार मिलिमीटरच्या नळीची मात्र त्रिज्याच निम्मी होते. हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणजे तो १६ पट वाढतो. अशा कक्षात मुदतीआधी जन्मलेली बाळेही असतात. वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट त्यांच्यात अपुरे असू शकते.

मग बाळ रडून सांगत नाही का?

प्राणवायू कमी पडला की मोठा माणूस जोरजोराने श्वास घेतो, धडपडतो. नवजात बाळाचा श्वास सुरुवातीची एक-दोन मिनिटे वाढतो आणि नंतर उलट मंदावतो. मेंदूतील श्वसनकेंद्र अजून पक्के झालेले नसते. म्हणजे संकट वाढते तसे बाळ शांत होत जाते. रडण्याच्या आवाजावर विसंबून शेजारच्या खोलीत थांबणे म्हणूनच धोक्याचे.

यंत्र तरी सांगेल?

इथे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. जळत्या फोम-प्लास्टिकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, कधी सायनाइडही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बाळाच्या रक्तात पहिले काही महिने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते. तेही प्राणवायू सहज सोडत नाही, आणि या वायूमुळे उरलेलाही पेशींना मिळेनासा होतो. बोटाला किंवा पावलाला लावलेल्या साध्या पल्स ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. पेशी उपाशी असताना पडद्यावर ९८ दिसू शकते. खरे प्रमाण रक्त तपासूनच कळते. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर शंभर टक्के प्राणवायूवर साधारण तास-दीड तास. म्हणून पडद्यावरच्या आकड्याची वाट न पाहता प्राणवायू आधी सुरू करायचा असतो.

त्यानंतर काय बदलले?

भंडाऱ्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा नवजात कक्षच जळाला. तपासणी म्हणजे नळकांडी मोजणे आणि त्यांवरची तारीख पाहणे, एवढाच अर्थ आपल्याकडे रुजला आहे. ज्या कक्षातली बाळे पळू शकत नाहीत आणि काही मिनिटांत रडेनाशीही होतात, तिथे पहिल्या धुरालाच वाजणारी यंत्रणा, धूर बाहेर खेचणारा पंखा, आतून-बाहेरून सहज उघडणारा दुसरा दरवाजा आणि रात्री दोन वाजताही कक्षाच्या आत जागी असलेली परिचारिका हवी. एका परिचारिकेला एका खेपेत दोनच बाळे उचलता येतात.