कोणत्या कंपनीचे मशीन जास्त सुरक्षित?

उद्यमबाग किंवा मच्छे भागात ज्यांचे वर्कशॉप आहे, त्यांचे मशीन घेतानाचे प्रश्न ठरलेले असतात: अचूकता किती, स्पेअर पार्ट मिळतात का, सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत येतो. हे मशीन नेटवर्कवरून कोणी बिघडवू शकेल का, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

२०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने चार कंपन्यांच्या सीएनसी कंट्रोलरची तपासणी प्रसिद्ध केली. अमेरिकेची हास, जपानच्या फानुक आणि ओकुमा, जर्मनीची हायडेनहाइन. हल्ल्याचे १८ प्रकार तपासले. तिघांवर त्यातले पंधराच्या, तर ओकुमावर दहाच्या आसपास लागू पडले. टूल ऑफसेटचा आकडा दुरून किंचित बदलला तरी पुरे: मशीन थांबत नाही, अलार्म वाजत नाही, फक्त जॉब रिजेक्ट होतात आणि दोष येतो ऑपरेटरवर. प्रोग्रामच चोरीला गेला तर ग्राहकाचे डिझाइनही गेले.

मग ओकुमा सर्वात सुरक्षित? इतके सोपे नाही. ज्या कंट्रोलरवर दुरून करता येणारी कामे जास्त, त्यात शिरायच्या वाटाही जास्त. शिवाय आकडा मोठा म्हणजे कंपनी वाईट असेही नाही. सीमेन्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या उत्पादनांतील त्रुटी स्वतः जाहीर करते. यादी लांबलचक असते. जी कंपनी काहीच जाहीर करत नाही, तिच्या मशीनमध्ये त्रुटी नाहीत, की कोणी शोधल्याच नाहीत?

कंपनीच्या घरातला धोका आणखी वेगळा. कामगारांच्या सुरक्षेची उपकरणे बनवणाऱ्या जर्मनीच्या पिल्झ कंपनीवर ऑक्टोबर २०१९ मध्ये खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि जगभरातली तिची कार्यालयीन यंत्रणा कोलमडली. असे झाले की आपले मशीन ठीक असूनही स्पेअर पार्ट अडकतो.

युरोपचा नवा यंत्रसामग्री नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यात असल्या छेडछाडीपासून संरक्षणाची अट आहे, म्हणजे तिकडे यंत्रे पाठवणाऱ्यांना ते दाखवावे लागेल.

डीलरला दोन गोष्टी विचाराव्यात: पासवर्डची सोय आहे का आणि ती सुरू करून देणार का, सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मिळणार. आणि घरी परतल्यावर पाहावे, सीएनसी आणि पोरांचे मोबाइल एकाच वायफायवर तर नाहीत ना. मी पाहिलेल्या एका वर्कशॉपमध्ये होते, आणि पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला होता.