मालकंस दहाच्या आत

गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी गायक भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव पुढे रात्र-रात्र चालायचा. रमणबागेच्या पटांगणावर श्रोते स्वेटर, कानटोपी, चहाचा थर्मास आणि शेजाऱ्यालाही पुरेल इतका चिवडा घेऊन मुक्कामालाच येत. पहाटे दोनच्या सुमारास निम्मं मैदान सतरंजीवर लवंडलेलं असे. पण तबलजीनं हातोडी घेऊन गट्टे ठोकायला सुरुवात केली, की पांघरुणं हलू लागत. शेवटी उजाडता उजाडता खुद्द भीमसेन गायचे आणि सांगतेला सवाई गंधर्वांचं ध्वनिमुद्रण लागायचं.

२००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारनं सवलत दिलीच, तर वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत. या नियमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. डीजेच्या भिंतीशेजारी राहणारा तर त्याला दुवाच देईल.

पण गाण्याचं घड्याळ त्यात मोडलं. संध्याकाळचे मारवा, पूरिया अजून मिळतात. यमनला तर मरण नाही. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग मात्र नऊ-साडेनऊलाच आटोपावे लागतात. दरबारीतला कोमल गंधार झुलत, रेंगाळत खाली येतो. संयोजकाची नजर मनगटावर आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न, अशा वेळी त्यानं रेंगाळायचं कसं? पहाटेच्या ललत रागाची गत तर आणखी वाईट. तरुण रसिकाला तो भेटतो यूट्यूबवर, भर दुपारी, लोकलच्या गर्दीत.

दिवाळी पहाट आहे की, असं कुणी म्हणेल. अभ्यंगस्नान उरकून, झब्बे चढवून लोक नाट्यगृहं भरतात, हे खरं. पण तिथे राज्य भावगीत-नाट्यगीतांचं. ललत आलाच, तर पाहुण्यासारखा दहा मिनिटं टेकून जातो.

गंमत म्हणजे, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर बंदिस्त सभागृहांना नियमात मुभा आहे. कोलकात्याचं डोव्हर लेन संमेलन अजूनही रात्र जागवतं. आपल्याकडे नाट्यगृहं काही कमी नाहीत. अडचण आहे ती कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांची, घरी परतायच्या वाहनाची आणि थोडी आपल्या झोपेची. मुंबई-पुण्यातल्या संयोजकांनी वर्षातून एक शनिवारची रात्र धरून पाहावी. पहिली लोकल सुटेपर्यंत गाणं चाललं, तर परतायचीही सोय होते. तिकिटं काढायची जबाबदारी मात्र रसिकांची.