तीन हजार डॉलरांचा न्याय

जून १९८२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्क येथे व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणास बेसबॉलच्या दांडक्याने ठेचण्यात आले. चार दिवसांनी तो मरण पावला. मारेकरी क्रायस्लरचा फोरमन. साथीला त्याचा सावत्र मुलगा, नोकरी गेलेला मोटारकामगार. तुमच्यामुळेच आम्ही बेकार झालो, असे उद्गार फोरमनने काढल्याची साक्ष पुढे नोंदली गेली.

चिन जपानी नव्हता. असता तरी काय? कामगारकपात त्याने केली नव्हती, मालकांनी केली होती. परंतु कामगारांचा संताप संचालकांच्या दारी न जाता परक्या चेहऱ्यावर कोसळावा, यातच भांडवलदारांचे हित असते. जपानी मोटारींवर जाहीरपणे घण घालणाऱ्या तमाशांनी हीच शिकवण दिली होती.

१९८३ मध्ये न्यायासनाने दोघांस तीन वर्षांची परिवीक्षा आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड ठोठावला. तुरुंगवास नाहीच! शिक्षेच्या सुनावणीस सरकारी वकीलही हजर नव्हता. तेव्हा माता लिली चिन उभी राहिली. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो आपसांतील जुनी वैरे विसरून एकवटले. त्यांच्या रेट्यामुळे संघराज्याचा खटला उभा राहिला. १९८४ मध्ये फोरमनला २५ वर्षांची शिक्षा झाली. १९८६ मध्ये ती रद्द ठरली, १९८७ मध्ये तो निर्दोष सुटला.

मग लढा व्यर्थ गेला काय? नाही. २०२० मध्ये महासाथीचा दोष पुन्हा आशियाई चेहऱ्यांवर लादला गेला, तेव्हा प्रतिकाराची परंपरा सिद्ध होती. अपुरी आहे ती एकच गोष्ट: बेकार कामगाराने आपला खरा शत्रू ओळखणे.